नवीनच घ्या ना!

आमच्याकडे रोज सकाळी सात चाळीसला एक विधी असायचा. लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि गॅलरीत जायचं. तुळस, दोन शेवंत्या, मोगरा आणि कढीपत्ता या नावाखाली जी एक काडी उभी आहे ती, अशा पाच कुंड्यांना पाणी घालायचं. वाळकी पानं खुडायची. खाली वॉचमन आणि पेपरवाला यांची सायकल लावण्यावरून चाललेली हुज्जत शेवटपर्यंत ऐकायची. आत आलं की पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके. मग चहा टाकायचा. चहाला उकळी आली तरी ठिपक्यांची प्रदक्षिणा चालूच. पहिला कप संपला की पासवर्ड विचारला जायचा, दुसऱ्या कपाला डेस्कटॉप दिसायचा. दिसायचा फक्त. हात लावायचा नाही. दारात आलेल्या पाहुण्याला चपला काढू द्याव्या लागतात, घाम पुसू द्यावा लागतो, तसं. घाई करून लावलाच हात, तर पडदा पांढराफटक पडायचा आणि वर लिहून यायचं, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. या घरात असं तोंडावर सांगायची मुभा फक्त त्यालाच होती.

हे दुखणं मी चौघांना सांगितलं आणि चौघांनी एकच औषध दिलं. हिंजवडीत आयटीत असलेला भाचा म्हणाला, "मामा, नवीनच घ्या ना!" वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, "नवीनच घ्या हो, किती दिवस पुरवायचं आता!" हे गृहस्थ १९८२ची बजाज स्कूटर रोज सकाळी तिरकी करून, तिच्या कानात काहीतरी पुटपुटून सुरू करतात. जिममध्ये जाणारा शेजारचा पोरगा 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणाला. बायको म्हणाली, "सगळे एवढं सांगताहेत तर घेऊन टाका की." मग पन्नास हजार हा आकडा ऐकला आणि म्हणाली, "तशी काही घाई नाही. कुंड्यांना तरी वेळेवर पाणी मिळतंय."

'नवीनच घ्या ना' हे हल्ली 'कसं काय, बरं आहे ना'च्या जागी आलं आहे. मिक्सर कुरकुरला, नवीन घ्या. छत्रीची काडी वाकली, नवीन घ्या. बोलणाऱ्याचा एक पैसा खर्च होत नाही आणि आपण मोठे आधुनिक असल्याचा आनंद त्याला फुकटात मिळतो. एवढा स्वस्त परोपकार दुसरा नाही.

तरी रीतसर म्हणून एक अधिकृत सेवा केंद्र गाठलं. नाव सांगत नाही. तुमच्या भागातही त्याचा सख्खा भाऊ असेलच. टोकन घेऊन पाऊण तास बसलो. काउंटरवरच्या मुलानं लॅपटॉप हातात घेतला, उघडला नाही, उलटा केला आणि पोटावरचं स्टिकर वाचलं. २०१५. निदान संपलं. जन्मतारीख वाचून मृत्यूचा दाखला लिहिणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.

"सर, हे मॉडेल एंड ऑफ लाइफ आहे."

"पण चालतंय ते अजून."

"स्लो असणारच, सर. मदरबोर्ड वीक झाला असेल."

मदरबोर्डला अशक्तपणा! मी विचारलं, उघडून तरी बघता का? म्हणाला, तपासणीचे पाचशे नव्वद, त्यात दुरुस्ती धरलेली नाही. आणि एवढं करून यात पैसे घालण्यात अर्थ नाही, सर, चार आण्याची कोंबडी होईल. ही म्हण त्यानं अर्धीच टाकली, बारा आण्यांचा मसाला त्याच्या मागच्या कपाटात नव्या खोक्यांतून रचून ठेवला होता.

मला नवं घेता येत नव्हतं, याला पैशाखेरीज आणखी एक कारण होतं. ते ऐकून आयटीतली माणसं हसतात, छापखान्यातली हसत नाहीत. युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं मराठी फॉन्टचं एक पॅकेज या लॅपटॉपमध्ये आहे. मागं डोंगल खोचल्याशिवाय ते उघडत नाही. पंधरा-वीस वर्षांचं लिखाण त्यात पडलेलं. त्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की माझ्या ललित लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केचिन्हं आणि उद्गारचिन्हं यांचा रानटी बाजार भरतो. एकदा एका संपादकांनी तसाच्या तसा मजकूर वाचून 'नवकविता पोचली' असं कळवलं होतं.

अखेर प्रेसमधल्या डीटीपीवाल्याकडे गेलो. हा माणूस १४ वर्षांच्या लॅपटॉपवर लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल आणि नगरसेवकांचे वाढदिवस एका वेळी उघडे ठेवून बसतो. त्यानं माझा लॅपटॉप चालू केला, टास्क मॅनेजर उघडला (तोही उघडायला मिनिटभर लागलं) आणि बोट ठेवलं. प्रोसेसर १२ टक्के. मेमरी ९१ टक्के. डिस्क १०० टक्के, लालभडक.

"सर, मशीन म्हातारं झालेलं नाही. उपाशी आहे ते. रॅम वाढवा आणि एसएसडी टाका."

याला म्हणतात निदान. पाचशे नव्वद न घेता.

आता हे १०० टक्के काय असतं? माझ्या लॅपटॉपच्या पोटात ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. म्हणजे आत एक गुळगुळीत तबकडी, ती मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणार, आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या दांडीसारखी एक दांडी इकडून तिकडं झुलणार. टेकत नाही ती, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, ऐकायला वेग मोठा वाटतो. पण हवा असलेला तुकडा दांडीच्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांडीनं योग्य वर्तुळावर जायचं, त्याला दहा-बारा. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे गोळा करायचे तर सेकंदाला साठेक खेपा, फार झाल्या. आणि आजची सिस्टीम सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. त्यात अँटिव्हायरस म्हणतो मी सगळं हुंगून बघतो, अपडेट म्हणतं मी आताच आलो, सर्च म्हणतो मी याद्या करतो. सगळे त्या एका दांडीला हाका मारताहेत. लग्नघरात सगळ्यांनी एकाच मोलकरणीला हाका माराव्यात तसं. ती बिचारी पळतेच आहे. आणि आपण म्हणतो, वय झालं हिचं.

मेमरी कमी असली की हा छळ दुप्पट होतो. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओटा चार जीबीचा. त्यावर सिस्टीम आपला कुकर आधीच मांडून बसलेली. ब्राउझर नावाचा पाहुणा आला की तो परात, पोळपाट, किसणी सगळं पसरतो. जागा संपली की डाळीचा डबा परत माळ्यावर, मीठ हवं म्हणून तिखट माळ्यावर, तिखट हवं म्हणून मीठ माळ्यावर. वर चढायला तीच एक शिडी आणि तीच एक बाई. फोडणी जळणारच.

एसएसडीत तबकडी नाही, दांडी नाही, हलणारं काहीच नाही. सगळा चिपांचा कारभार. तुकडा कुठंही असो, मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर हजर. साठ खेपांच्या जागी हजारो. जाहिरातीत सेकंदाला ५५० एमबी वगैरे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात, ते मोठमोठ्या सिनेमांच्या फाइली हलवताना. तुम्हा-आम्हाला जो फरक कळतो तो या खेपांचा.

या चिपांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ही फ्लॅश मेमरी जपानमध्ये तोशिबात फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात शोधली. १९८४ला त्यांनी ती जगापुढं मांडली, १९८७ला तिचा नँड हा प्रकार आला, जो आज तुमच्या फोनात, पेनड्राइव्हमध्ये, सगळीकडे आहे. मजकूर एका झटक्यात पुसला जातो, ते बघून सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव. पुढं २००४मध्ये मासुओकांना आपल्या जुन्या कंपनीला कोर्टात खेचावं लागलं, मोबदल्यासाठी. २००६मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आता जगात किती चिपा विकल्या गेल्या त्या हिशेबानं हे दर चिपेला किती पडले, ते ज्याचं त्यानं काढावं. मी प्रयत्न केला होता, कॅल्क्युलेटर 'नॉट रिस्पॉन्डिंग' झाला.

संक्रांतीच्या आधी एका शनिवारी रॅम आणि एसएसडी आणायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. गाडी कुठं लावली ते विचारू नका, तिथून रिक्षा केली एवढं सांगतो. दुकान म्हणजे सहा बाय आठ. मालक, एक पोऱ्या आणि छतापर्यंत खोकी. मालकानं वर न बघता विचारलं, "थ्री की थ्री एल?"

मी घरून पाठ करून गेलो होतो. "थ्री एल. एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट."

तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं. तपकीर गल्लीत मान मिळवायचा तो असा. डीडीआर थ्री रॅम दीड व्होल्टवर चालते, थ्री एल कमी दाबावर, आणि माझ्या पाचव्या पिढीच्या आयथ्री प्रोसेसरला थ्री एलच लागते. फोर आणली तर ती बसतच नाही, मधली खाच दुसऱ्या जागी असते. ही खाच ज्यानं कुणी ठरवली त्याला माझा नमस्कार. आपल्याकडं माणूस ताकद लावून काहीही कशातही बसवतो, हे त्याला ठाऊक असावं.

आठ जीबीची एक पट्टी आणि ५०० जीबीची एसएसडी, सोबत सॅटा ते यूएसबी अशी केबल. सगळे मिळून पाच हजारांच्या जरासे वर. मी सवयीनं म्हटलं, काहीतरी कमी करा. मालक म्हणाला, "दिवाळीच्या आधी आला असतात तर तुमच्या मनासारखं केलं असतं. आता एआयवाले सगळी मेमरी उचलून नेतात, काका." आणि ते खरं आहे. २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढत गेले ते डेटा सेंटरांच्या भुकेमुळं. डिसेंबरात मायक्रॉननं तर क्रूशियल हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुणीतरी कुठंतरी यंत्राला सांगतो की माझ्या मांजराला शिवाजी पार्कावर बॅटिंग करताना दाखव, आणि त्याचे पैसे मी तपकीर गल्लीत मोजतो. हे नवं नाही म्हणा. २०११मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत डिस्कच्या किमती जगभर दुपटीवर गेल्या. या धंद्यात पाऊस कुठंही पडला तरी छत्री आपल्यालाच घ्यावी लागते.

बाहेर फुटपाथवर एकजण '२ टीबी, फक्त ९९९' म्हणून चकचकीत डबी विकत होता. त्यातला प्रकार ऐकून ठेवा. आत छोटीशी चिप असते आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉप विचारतो, किती जागा? ती म्हणते, दोन हजार जीबी. खरी जागा संपली की ती नव्या फाइली जुन्यांवरच लिहीत जाते किंवा नुसती हवेत सोडून देते, आणि वर 'झालं' म्हणते. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात ठेवलेत तर मुंजीपर्यंत कळायचं नाही.

आणि सज्जन दुकानदाराची पाचशेची डिस्कही भरते ४६५. पहिल्यांदा मीही भांडायला निघालो होतो. विकणारा हजाराच्या मापानं मोजतो, विंडोज १,०२४च्या मापानं. दोघंही शपथेवर खरं बोलताहेत. पायली तीच, शेर दोन. पण या ४६५नं पुढं माझा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता.

ते असं. जुन्या डिस्कवरचं सगळं, सिस्टीम, डोंगलवालं पॅकेज, लेख, जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं, याला क्लोन करणं म्हणतात. नवी डिस्क केबलनं बाहेर जोडायची, क्लोनिंगचा प्रोग्रॅम चालवायचा. तो दोनच प्रश्न विचारतो: कुठून आणि कुठे. आता जुनी डिस्क ५०० जीबी, नवीही ५०० जीबी. पडद्यावर दोन ओळी. दोन्हींपुढं आकडा एकच: ४६५.७६. रात्रीचे साडेअकरा. 'कुठून' आणि 'कुठे' उलट झालं, तर कोरी डिस्क माझ्या वीस वर्षांच्या लिखाणावर उतरणार. इतकी स्वच्छ समीक्षा माझ्या लेखनाची आजवर कुणी केली नसती.

पाच मिनिटं माउसवरचं बोट हललं नाही. मग दिसलं की एका ओळीखाली भागांचे रंगीत पट्टे आहेत, सी, डी, रिकव्हरी वगैरे, आणि दुसरीखाली नुसतं करडं. अनॅलोकेटेड. ती कोरी. तरीही खात्री म्हणून केबल उपटली, तर करडी ओळ गेली, खोचली, आली. पुन्हा उपटली, गेली. तिसऱ्यांदा करत होतो तेव्हा बायको आतून म्हणाली, "अहो, झोपा आता. तो टुंग टुंग आवाज किती वेळा?" मग डोळे मिटून बटण दाबलं. अडीच तास लागले. सकाळी उठून बघतो तर झालं होतं.

रविवारी शस्त्रक्रिया. बॅटरी खटका ओढून काढली. ती काढल्यावर चालूचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. थंडी होती म्हणून लोकरीचा स्वेटर अंगात होता, तो उतरवून ठेवला, नळाला हात लावून आलो. अंगावरच्या स्थिर विजेचा एक चटका आपल्याला जाणवतही नाही आणि चिप मरते. नळाला हात लावून मग लॅपटॉपला हात लावायचा, हे आमच्या आजीच्या सोवळ्याच्या इतकं जवळचं आहे की तिला एसएसडी बसवता आली असती.

पाठीवर अकरा स्क्रू. त्यातले दोन रबरी पायांच्या खाली दडलेले. ते न काढता झाकण ओढलं की प्लास्टिक मोडतं आणि मग आपण कंपनीला शिव्या देतो. लांबी तीन प्रकारची. लांब स्क्रू आखूडाच्या भोकात पिळला की वर कीबोर्डाला गळू येतं. म्हणून क्रमानं ठेवावे लागतात. घरात सात वाट्यांची, झाकणाची, सुटसुटीत अशी एकच वस्तू असते: मिसळणाचा डबा. मोहरी, जिरं, हळद एका ताटात काढून ठेवली आणि वाट्या पुसून घेतल्या. यावर पुढं जो संवाद झाला तो शस्त्रक्रियेचा भाग नसल्यानं गाळतो. झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड फार उपयोगी. कट् कट् करत कडेनं सोडवत जायचं. आत पंख्याच्या तोंडाशी धुळीची गोधडी साचलेली, बोटभर जाड. मदरबोर्ड वीक! त्याचा श्वास कोंडला होता, राजा. मऊ ब्रशनं ती काढली.

हार्ड डिस्क चार स्क्रूंच्या पत्र्याच्या खोळीत असते. ती बाजूला सरकवायची, बाहेर ओढायची, खोळ उतरवून नव्या डिस्कला चढवायची, परत सरकवायची. एवढंच. खरोखर एवढंच. हातात घेतल्यावर नवी डिस्क इतकी हलकी लागते की रिकामी डबी दिली की काय असं वाटतं. रॅमची पट्टी तिरकी खोचायची, सोनेरी दात आत जाईपर्यंत, आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या एकदम मिटायला हव्यात. माझी एकच मिटली. दुसरी मिटली असं मी धरून चाललो.

सगळं बंद करून बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा. अर्धा मिनिट काळा, एक मिनिट काळा. या एका मिनिटात मला भाचा, बँकवाले, काउंटरवरचा पोरगा, सगळे रांगेनं 'नवीनच घ्या ना' म्हणताना दिसले. डीटीपीवाल्याला फोन लावला. तो जेवत होता. घास न थांबवता म्हणाला, "रॅम काढा, खोडरबर मारा, परत बसवा."

भारतातल्या समस्त कॉम्प्युटर दुरुस्तीचा पाया खोडरबरावर उभा आहे. परदेशातल्या पुस्तकांत असं काही करू नये म्हणतात. नातवाच्या कंपासपेटीतून पांढरं खोडरबर आणलं, दातांवरून हलक्या हातानं फिरवलं, फुंकर मारली, पट्टी तिरकी खोचली, दाबली. कट्. आणि दुसऱ्या बाजूनंही, कट्. हा दुसरा कट् मी आयुष्यभर विसरणार नाही. खोडरबराचं श्रेय किती आणि नीट दाबण्याचं किती, यावर डीटीपीवाला आणि मी आजही सहमत नाही.

बटण दाबलं. ठिपक्यांनी दीड फेरी घेतली असेल. पासवर्ड. घड्याळ लावून पुन्हा केलं: अठरा सेकंद. डोंगल खोचलं, वीस वर्षांचं पॅकेज कूस न बदलता उठलं आणि ललित लेख ललितच निघाला.

सगळं बरं झालं असं नाही. डावी बिजागरी निखळलेली आहे ती आहेच. बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते. 'श'च्या कळीवर अजून दोनदा मारावं लागतं, त्यामुळं माझ्या लिखाणात शालीनता कमी आढळली तर कारण तांत्रिक आहे. प्रोसेसर तोच, दोन कोअरचा; त्यावर कुणी चित्रपट संकलन करू म्हणेल तर त्यानं नवीनच घ्यावं. आणि रॅमबद्दल एक गंमत. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे गळकं भांडं असतं, वीज सतत झिरपते. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत तिला सगळं पुन्हा आठवून द्यावं लागतं, नाहीतर ती विसरते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला निदान आठवतं तरी."

भाच्याला बोलावून अठरा सेकंद दाखवले. म्हणाला, "चांगलंय, पण मामा, विंडोज टेनचा सपोर्ट संपला ना." तेही खरं. १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अकराव्या विंडोजच्या नियमात आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे प्रोसेसर हवेत, माझा पाचव्या पिढीचा. पाचव्या पिढीची आठव्या पिढीशी सोयरीक पंचांगात बसत नाही. अंगात ताकद आहे, पण पत्रिका जुळत नाही, असा हा नकार. सुरक्षेची ठिगळं वर्षभर आणखी मिळवायची सोय ठेवली आहे, ऑक्टोबर २०२६पर्यंत. ती करून घेतली. शेजारी लिनक्स मिंट टाकून ठेवलं आहे. इंटरनेट, बँक, बातम्या सगळं तिकडं. जुन्या विंडोजला जाळं बंद करून फक्त डोंगलाच्या सेवेला ठेवणार. म्हाताऱ्या माणसाला जशी देवघराची जबाबदारी देतात.

भाच्याचा स्वतःचा लॅपटॉप पोळीइतका पातळ आहे. आठ जीबी. "मामा, याचीपण सोळा करता येईल?" म्हणाला. उलटा करून, उघडून बघितला. आतली मेमरी बोर्डावरच डाख देऊन चिकटवलेली. खाच नाही, खिट्टी नाही, कट् नाही. ॲपलनं २००८च्या मॅकबुक एअरमध्ये असं केलं, २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही केलं, आणि मग पंगतीतल्या सगळ्यांनी तेच वाढून घेतलं. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. कमी वीज खाणारी मेमरी प्रोसेसराला चिकटून असलेली बरी, आणि जाडी वाचते. पण घेताना जो आकडा घेतला तो जन्मभराचा, कपाळावर सटवाईनं लिहिल्यासारखा. फ्रान्सनं २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडं २०२२मध्ये ग्राहक खात्यानं समिती नेमली आणि वर्ष संपायच्या आत दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही उघडलं. पोर्टल उघडण्यात आपला हात कुणी धरणार नाही. झाकण उघडण्याचं बघायचं.

काढलेली जुनी डिस्क कपाटात वर ठेवली आहे, हात न लावता. महिनाभर तरी पुसायची नाही, असं डीटीपीवाल्यानं बजावलं आहे. मिसळणाच्या डब्यात पुन्हा मोहरी आली. तिच्यात एक आखूड स्क्रू निघाला, तो मला आमटीतून नव्हे, टेबलावर आणून दिला गेला, हे घरातल्या सुसंवादाचं लक्षण मानतो.

तीन आठवडे झाले. सात चाळीसला बटण दाबतो, सात एकेचाळीसला लिहायला बसतो. परवा बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, मोगऱ्याला पाणी कोण घालतं हल्ली?"

कुणीच घालत नव्हतं. ती वेळ ठिपक्यांबरोबर गेली होती. तुळस तिच्या पूजेच्या पाण्यावर तगली, शेवंत्यांनी माना टाकल्या, कढीपत्त्यात फरक पडण्यासारखं काही नव्हतं. मोगऱ्याची पानं मात्र गळून गेलेली, नुसत्या काड्या. संध्याकाळी कुंडी रिक्षात घालून नर्सरीत नेली. नर्सरीवाला पाइपनं झेंडूंना पाणी मारत होता. त्यानं कुंडीला हात लावला नाही. लांबूनच एक नजर टाकली.

"काका, नवीनच घ्या ना! साठ रुपयांत देतो."

मी कुंडी खाली ठेवली आणि नखानं बुंध्याची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.